उस्मानपुऱ्यातल्या चौकशीवाल्या बाई

या, अशा जवळ सरका. तिकडं पंख्याखाली बसलात तर मला ओरडून सांगावं लागेल. आणि आधीच बजावते, त्या बाईंचं नाव विचारायचं नाही. मागच्या वेळी तेच केलंत. मी बोलायला सुरुवात केली की तुमचं आपलं, "पण नाव काय हो त्यांचं? राहतात कुठं?" असं करू नये. समोरचा सांगतोय तेवढं ऐकावं. नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही तेही सांगते, पण ते शेवटी.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. समोरच्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या, मधे एक शब्द नाही. ऐकताना एक पाय चपलेतून काढायचा आणि दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासत राहायचा, ही सवय. समोरचा बोलायचा थांबला की पाय परत चपलेत जायचा आणि बाई म्हणायच्या, "हे झालं सांगायचं. आता न सांगायचं सांगा."

माझ्याकडनं ते न सांगायचं काढायला त्यांना लई दिवस लागले. तेवढे दिवस लागले नसते तर पुढचं बरंच टळलं असतं.

उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. आता ती बंद आहे म्हणून सांगते. चौकशीची पाटीबिटी काही नव्हती. पाटी होती, 'ब्लाउज, फॉल-पिको'. आत एक हातानं चालवायचं शिलाई मशीन, दोन खुर्च्या, एक पाण्याचा माठ. जिना चढताना कुणी ओळखीचं भेटलं तर ब्लाउज शिवायला आले म्हणायचं, म्हणून येणाऱ्यानं काहीतरी कापड घेऊनच यायचं असा नियम. आणि बाई खरंच शिवायच्या. तुम्ही रडत असाल, शिव्या देत असाल, त्यांचं मशीन चालू. मी एकदा म्हटलं, "अहो, जरा थांबवा की." तर म्हणाल्या, "माझ्या हातात काम असलं म्हणजे तुम्ही माझ्याकडं बघत नाही, कापडाकडं बघता. मग बोलता येतं."

ते खरं होतं. ब्लाउज मात्र त्यांना कधी धड जमला नाही. काखेत तंग आणि गळा एका बाजूला ओढलेला. त्या काळातले माझे ब्लाउज अजून पेटीत आहेत. घालवत नाहीत आणि टाकवत पण नाहीत.

त्यांचं मुख्य काम लग्नाआधीच्या चौकशीचं. मुलगा नोकरी सांगतो ती खरी आहे का, घरात कोण कोण आहे, सासू कशी आहे. हरवलेली माणसं शोधायचं काम क्वचित घ्यायच्या. "लग्नाच्या चौकशीत लोक थोडं खोटं सांगतात," म्हणायच्या, "माणूस हरवलेलं असलं की जास्त सांगतात."

आमचं हरवलेलं माणूस म्हणजे माझे दीर, दिगंबर. आम्ही दिगू भावजी म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि सासूबाईंनी मला बजावलं, दिराला भावजीच म्हणायचं, अहो-जाहो करायचं. म्हणून मी त्या पोराच्या मागं रुमाल घेऊन फिरायची, "भावजी, नाक पुसा. भावजी, चड्डी नीट घाला." त्यांना त्याचा लई तोरा. शाळेतली पोरं घरी आली की मुद्दाम मला हाक मारायचे, का तर मी सगळ्यांसमोर 'अहो भावजी' म्हणावं.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. भावजी संध्याकाळी अंगणात अभ्यासाला बसायचे, मी बाजूला तांदूळ निवडत बसायची. त्यांच्या दुसरीच्या पुस्तकावर मी अक्षरं शिकले. चुकलं की ते मास्तरांसारखी पट्टी जमिनीवर आपटायचे. आज मी जे चार शब्द लिहू शकते ते त्या आठ वर्षांच्या मास्तरांचे.

पुढं तरुणपणी त्यांचं मन एकदा बिघडलं. दोनेक महिने दवाखान्यात होते. बरे झाले ते कायमचे. वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला लागले, वर्षानुवर्षं शिफ्ट केली. लग्न मात्र झालं नाही. त्या दवाखान्याचं नाव निघालं की स्थळ परत जायचं. बोलणं कमी झालं, आणि एक गोष्ट राहिली, टीव्हीवर बातम्या सांगणारी 'नमस्कार' म्हणाली की हेही खुर्चीत सावरून बसत 'नमस्कार' म्हणायचे. बाकी काही नाही. आमचे हे गेल्यावर घरात मी, माझा मुलगा अमोल आणि दिगू भावजी. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हापासून ते घरीच. दळण, भाजी, बिलं, बहुतेक सगळं त्यांच्याकडं.

अमोलचं लग्न बघायला लागलो. दोन स्थळं नुसत्या ऐकीव बोलण्यावर परत गेली. कुणीतरी सांगितलं असणार, त्या घरात वेडाचं आहे. मग जालन्याचं एक चांगलं स्थळ आलं, मुलगी बँकेत, माणसं साधी. मी मनाशी ठरवलं, या वेळी घरात आम्ही दोघंच.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी भावजींना म्हटलं, "भावजी, वैजापूरला कांदा स्वस्त आहे म्हणतात. यार्डातनं वर्षाचा घेऊन या की. उशीर झाला तर राहा तिकडं." आता आमच्या कॉलनीत कांदा दारावर येतो, टेम्पो भरून. भावजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. आदल्या दिवशी फोनवर मी कुणाला तरी 'दोघंच आम्ही' म्हणत होते ते त्यांनी ऐकलं होतं, हे मला मागनं कळलं. त्यांनी दोन रिकामी पोती घडी करून घेतली, फोन चार्जिंगला लावलेला तसाच ठेवला आणि गेले.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "घरात कोण कोण?" मी म्हटलं, "मी आणि अमोल." ते म्हणाले, "बरं. कळवतो." पुढं त्यांचा नकारच आला.

भावजी त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. अमोलला मी सांगितलं, "सकाळी बाहेर पडले, कुठं ते बोलले नाहीत." कसं सांगणार होते? अमोल काकाच्या खांद्यावर वाढलेला. मी एकटीच गुपचूप एसटीनं वैजापूरला जाऊन आले. स्टँडवर विचारलं, दोन-चार दुकानांत विचारलं. मार्केट यार्डाचं फाटक बंद, आत चिटपाखरू नाही. परत आले. मनात म्हटलं, तिथं नाहीतच ते, मग सांगून उपयोग काय, नुसती माझी शोभा.

पोलिसात मिसिंग दिली. ते म्हणाले, मोठा माणूस आहे, स्वतःच्या पायानं गेलाय, येईल. फोटो ठेवून घेतला. मग माझ्या मावसबहिणीनं मला तो उस्मानपुऱ्यातला जिना दाखवला. मी एक ब्लाउजपीस घेतला आणि चढले.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात कोण कोण?"

"मी, मुलगा आणि दीर."

मशीन थांबलं. "मागच्या वेळी दोघंच होतात तुम्ही."

या बाईला मी जन्मात बघितलं नव्हतं, असं मला वाटत होतं. तेव्हा कळलं की बघितलं होतं, चांगलं तासभर शेजारी बसून गप्पा मारल्या होत्या, आमच्या गिरणीत. कुठल्या घराची चौकशी करायची असली की बाई त्या भागातल्या गिरणीत गव्हाचा डबा घेऊन जायच्या आणि रांगेत बसायच्या. कुणाला काही विचारायच्या नाहीत. गिरणीवाल्या चाचांनी "अम्मा, इत्ती जल्दी क्या है, नंबर में रक्खो डब्बा," म्हटलं की त्यांना आनंदच. नंबर जितका उशिरा तितकं बरं. बायका आपणहून बोलायच्या. माझ्यासारखी भेटली तर मग विचारूच नका. मी त्यांना माझ्या गुडघ्यांपासून अमोलच्या पगारापर्यंत सगळं सांगितलं होतं, वर "दोघंच हो आम्ही" हेही. जालन्याच्या मंडळींसाठी त्या आल्या होत्या हे मला कुठं माहीत?

आणि त्यांचा चेहरा आठवत नव्हता हा माझा दोष नाही. तो कुणालाच आठवायचा नाही. उंच नाही, बुटक्या नाहीत, गोऱ्या नाहीत, काळ्या नाहीत. बारीक फुलांची साडी, साधी वेणी. आपल्या कुणाच्या तरी नणंदेसारख्या दिसायच्या, पण कुणाच्या ते सांगता यायचं नाही. "देवानं मला तोंड दिलंय ते याच कामासाठी," असं हसून म्हणायच्या.

त्या दिवशी त्यांनी ते तिथंच सोडलं. काम घेतलं. पैशाचं बोलणं दोन वाक्यांत झालं. मग ते वाक्य आलंच, "आता न सांगायचं सांगा." मी म्हटलं, "काही नाही हो. घरात भांडण नाही, तंटा नाही. सकाळी उठून गेले." बाईंनी मान हलवली आणि सुईत दोरा ओवला.

मग त्या शोधायला लागल्या, आणि मी दर आठवड्याला एक कापड घेऊन जिना चढायला लागले. त्या काही लिहून ठेवायच्या नाहीत. सगळं डोक्यात. जुना दवाखाना बघून आल्या, नाशिककडं जाऊन आल्या, देवस्थानांच्या धर्मशाळा बघितल्या. वाळूजला तर कितीदा गेल्या. शिफ्टच्या बसेस जिथं थांबतात तिथल्या चहाच्या टपरीवर बसायच्या आणि भावजींच्या बरोबरीच्या माणसांना बोलतं करायच्या. मला येऊन सांगायच्या, "डब्यातली अर्धी भाकरी गेटवरच्या कुत्र्याला घालायचे म्हणे." "कुणाचं पॅकिंग राहिलं असलं तर थांबून करून द्यायचे." मी नुसती ऐकत बसायची. माझ्या घरातलं माणूस मला परकी बाई सांगत होती.

एकदा म्हणाल्या, "कंपनीत सगळ्यांना सांगायचे, माझ्या वहिनी रोज पेपर वाचतात. मी शिकवलंय त्यांना."

हे ऐकलं आणि मला पुढं गप्प बसवेना. मी मांडीवरच्या कापडाकडं बघत म्हटलं, "मीच पाठवलं त्यांना. पाहुणे येणार होते म्हणून. वैजापूरला, कांदे आणायला."

बाईंनी शिवण पूर्ण केली, दोरा दातानं तोडला. मला वाटलं आता बोलतील. इतके दिवस ही बाई उन्हातान्हात भलतीकडं फिरली होती, माझ्या लाजेपायी. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही जाऊन आलात तिथं?"

"तिसऱ्या दिवशी. यार्ड बंद होतं."

"अमावस्या होती त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "अमावस्येला कांद्याचा लिलाव नसतो. म्हणून बंद."

शहरात राहून मला हे कुठलं माहीत असायला. फाटकाला कुलूप बघितलं आणि मी माघारी वळले होते. एक दिवस थांबले असते तर.

"आता माझंही एक न सांगायचं आहे," बाई म्हणाल्या. "जालन्याच्या मंडळींना मी सगळं सांगितलं होतं. घरात दीर आहेत, स्वभावानं शांत, दळण तेच आणतात, पीठ पिशवीत भरायच्या आधी तळहात लावून बघतात गरम आहे का. दवाखान्याचंही सांगितलं. त्यांना काही अडचण नव्हती."

"मग नकार का आला?"

"त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही दोघंच म्हणालात म्हणून."

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं त्याचा आवाज येत होता. बाईंनी उठून माठातलं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "जा आता घरी. अमोलला सांगा. माझ्याकडनं कळण्यापेक्षा तुमच्याकडनं कळू दे."

सांगितलं. अमोल ओरडला नाही, ते जास्त लागलं. उठून काकाच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

बाईंना मग भावजी सापडायला चार दिवसही लागले नाहीत. जिथं पाठवले होते तिथंच होते. कांदे घ्यायला गेले, एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये निवडायला माणूस कमी होतं, तिथंच बसले. पण बाईंनी मला येऊन एवढंच सांगितलं, "सापडले. बरे आहेत. जेवतात, झोपतात. अजून घरी यायचं नाही म्हणतात."

"मी उद्याच जाते वैजापूरला."

"जाऊ नका. सापडलेल्या माणसाला मी आधी विचारते आणि मगच सांगते. त्यांनी नाही म्हटलंय. तुम्ही गेलात आणि ते तिथनंही उठून गेले, तर मलाही सापडायचे नाहीत. मी जातेय त्यांच्याकडं अधूनमधून. थोडा धीर धरा."

धीर हा काही माझा गुण नाही. दिवस जात होते. नातेवाइकांचे फोन. अमोल माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मला एकेक विचार सुचायला लागले. मी जायचं नाही ना? बरं, नाही जात. पण ते आपल्या पायानं आले तर? मग बाईंचा शब्दही राहील आणि माणूसही घरी येईल. आपण कसे स्वतःला फसवतो बघा.

पेपरात 'घरी परत ये' अशा जाहिराती येतात, तुम्हीही वाचल्या असतील. गुलमंडीजवळ एक जण त्या घेतो. त्याच्याकडं गेले. तो म्हणाला, "मजकूर तयारच असतो मावशी, फक्त नाव आणि नातं घालायचं. कोण अत्यवस्थ टाकू? आई का वडील?"

मी म्हटलं, "अत्यवस्थ कशाला?"

"त्याबिगर कोण येत नाय मावशी. सगळेच टाकतात."

"मग वहिनी टाका."

"वहिनी आजपर्यंत कुणी टाकली नाही," तो म्हणाला, "पण चालतंय."

कागद त्यानं पुढं केला आणि मी माझ्या हातानं लिहिलं, 'दिगंबर, असाल तिथून निघून या. वहिनी अत्यवस्थ आहे. तुम्हाला कोणी काही बोलणार नाही.' ती अक्षरं मला कुणी शिकवली होती ते तुम्हाला सांगितलंच आहे. त्याच अक्षरांत मी त्यांना हे खोटं लिहिलं.

जाहिरात आली त्या दिवशी कुणी आलं नाही. त्यानंतरच्या दिवशी दुपारी बाई आल्या, माझ्या घरी. त्या कधीच कुणाच्या घरी यायच्या नाहीत. मी चहा टाकायला उठले तर हातानंच नको म्हणाल्या.

"आज सकाळी आले होते ते," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"तुमचे दीर. पहिल्या गाडीनं आले. तुमच्या कोपऱ्यावर उभे राहिले. तुम्ही भाजीवाल्याशी भांडत होतात."

मला आठवलं. मेथीवरनं. "मेथी म्हणून मला नुसत्या काड्या विकतोस का रे," असं मी गेटवर उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होते. चांगली खणखणीत.

"मला फोन केला त्यांनी स्टँडवरनं. आधी हसत होते. म्हणाले, वहिनी भांडतात म्हणजे बऱ्या आहेत. मग हसायचे थांबले. म्हणाले, एकदा मी घरात असून नाही म्हणाल्या. आता स्वतः बऱ्या असून मरायला टेकले म्हणाल्या. आणि परत गेले."

बाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. म्हणाल्या, "या दिवाळीला दोन दिवस घरी येऊन बघतो, असं त्यांनी मला परवाच सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगणार होते. पक्कं होऊ दे म्हणून थांबले. ती माझी चूक."

त्यांची कुठली आली चूक. पण तसं म्हणाल्या, आणि ते मी अजून विसरले नाही.

दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "आता तुम्ही जा वैजापूरला. आता ते कुठं जाणार नाहीत. म्हणाले, परत जागा बदलायचं त्राण नाही. जाताना डबा नेऊ नका, कपडे नेऊ नका. रडू नका तिथं. त्यांनी विचारलं तेवढंच सांगा, आणि खरं सांगा."

मी गेले. या वेळी यार्ड चालू होतं, ट्रॅक्टरांची रांग, कांद्याचा वास थेट डोळ्यांत. शेडच्या तोंडाशी व्यापारी खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "कोण पायजे मावशी?"

"दिगंबर. माझे दीर."

"दिगूनाना? ते तर म्हणतेत, आपल्याला कुणी नाय."

"हाय की," मी म्हटलं. माझी गावाकडची भाषाच तोंडात आली. "मी हाय, पुतण्या हाय. आमच्या घरात मोठे तेच हायेत."

शेडमध्ये दहा-बारा बायामाणसं कांदा निवडत होती, सगळी थांबून बघायला लागली. ढिगाच्या पलीकडं भावजी बसले होते, डोक्याला पंचा, वाळलेले. त्यांनी ऐकलं होतं. हातातला कांदा बघितला, नासका होता, बाजूला टाकला. मग उठले.

"बसा वहिनी. ऊन लागंल." आणि जाऊन चहा घेऊन आले, स्वतःला अर्धा, मला पूर्ण.

"तुम्ही आजारी होता म्हणं," ते म्हणाले.

"नव्हते."

"माहीत आहे."

"चला घरी, भावजी."

"कांदा आलाय, वहिनी. शेठची खोटी होईल."

"मग कांदा संपल्यावर?"

"बघू."

एवढंच. मी रडले नाही. एसटीत बसल्यावर मात्र शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का हो.

आता ते येतात. सगळ्या रविवारी नाही, पण येतात. सकाळी येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं वैजापूरला परत जातात. दाराची कडी वाजवतात. मी किती वेळा सांगितलं, दार उघडंच असतं, ढकलून या. तरी वाजवतात आणि मी 'या' म्हणेपर्यंत बाहेर उभे राहतात. खुर्चीच्या कडेला बसतात. "पाणी घेऊ का?" असं विचारतात. ज्या माठाला त्यांनी वीस वर्षं पाणी भरलं त्या माठातलं. अमोल त्यांच्याशी बोलत बसतो, मी आतबाहेर करते. पहिल्यापहिल्यांदा वाटायचं, रागावले तरी बरं. आता वाटतं, मला हेच भोगायचं आहे, त्यांची रीतभात.

आता बाईंचं नाव का सांगत नाही ते ऐका.

भावजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो पोटात ठेवू शकले नाही. गिरणीत सांगितलं, देवळात सांगितलं, बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. बाईंचं नाव घेऊन सांगितलं, खोली सांगितली, डब्याची युक्ती सांगितली, घोट्यावर पाय घासायची सवयसुद्धा करून दाखवली. माझ्या मनात त्यांचं भलं व्हावं एवढंच होतं. काम मिळेल, चार लोक जातील.

लोक गेले नाहीत. लोक ओळखायला लागले. बाई एका गिरणीत बसल्या होत्या तर एकीनं सगळ्यांदेखत म्हटलं, "ह्याच त्या चौकशीवाल्या बाई. जपून बोला गं." आमच्या गिरणीत चाचांनी हसत हसत डबा आधी दळून दिला, "लो अम्मा, तुमको काहेको बिठाना." ज्या बाईचा चेहरा कुणाला आठवत नव्हता तो मी सगळ्या शहराच्या लक्षात आणून दिला. त्यांच्याजवळ दुसरं भांडवल तरी काय होतं?

हे मला झेरॉक्सवाल्याकडनं कळलं. मी एक साडी घेऊन गेले होते, फॉल लावायला, म्हणजे खरं तर सहजच भेटायला. वर कुलूप. तो म्हणाला, "खाली केली खोली. मशीन टेम्पोत घालून गेल्या. कुठं ते बोलल्या नाहीत. जाताना तुमचंच नाव काढलं होतं." मी घाबरत विचारलं, "काय म्हणाल्या?" तर म्हणाला, "त्या मावशी आल्या तर त्यांना सांगा, माझा राग नाही. पण दीर आले म्हणून सगळीकडं सांगत फिरू नका, त्यांनाही ते आवडणार नाही."

तेव्हापासून मी भावजींचंही कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगितलं ते तुम्ही दूरच्या म्हणून.

फोन लावला, तो नंबर बंद. शोधायचा विचार मनात आला आणि मी तो सोडून दिला. विचारल्याशिवाय कुणाला शोधू नये, हे मला आता कळतं.

पण भावजी त्यांची वाट बघतात. यार्डात बाई त्यांच्याजवळ कांदा निवडत बसायच्या, कितीतरी दुपारी. एकदाही घरी चला म्हणाल्या नाहीत म्हणे. आता दर वेळी, निघायच्या आधी चपला घालताना विचारतात, "त्या बाई आल्या होत्या का वहिनी? मला त्यांना एक सांगायचं राहिलंय." मी म्हणते, "मला सांगा ना." ते मान हलवतात. घरी कायमचं यायचं की नाही, हेच ते असणार. मला ते सांगणार नाहीत. सांगणार तरी कसे?

म्हणून तुम्हाला सांगितलं तेच लिहूनही ठेवलंय, नाव न घालता, म्हणजे तुमच्याकडनं कुठं पोचायचं तर पोचेल. बाई, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्हाला कळेल कुणाचं आहे ते. काम म्हणून नका येऊ, सहज या. रविवारी या, ते बहुतेक असतात. तुम्ही दोघं पुढच्या खोलीत बसा, मी चहा ठेवून आत जाईन आणि मधलं दार लावून घेईन. ते काय म्हणाले ते मी तुम्हाला विचारणार नाही. पण लवकर या.